बोर्ड बसंना झालाय : पेडलच्या पाच डब्यांची चौकशी

भाच्याने कापडी पिशवीतून ॲल्युमिनियमचे पाच डबे काढून माझ्यापुढे मांडले, शेजारी हिरवे सर्किट बोर्ड ठेवले आणि म्हणाला, "मामा, बोर्ड बसंना झालाय. पाचातल्या एकातपण."

तो सांगलीच्या विश्रामबागेत राहतो, गिटार वाजवतो आणि वर्षभरापासून घरीच पेडल बनवतो. पेडल म्हणजे गिटार आणि ॲम्प्लिफायरच्या मध्ये जमिनीवर ठेवायचा डबा. पायाने बटण दाबलं की स्वच्छ आवाज फाटका, खरबरीत होतो. त्याचं सर्किट १९७९ साली बाजारात आलेल्या ट्यूब स्क्रीमरच्या घराण्यातलं आहे : सिग्नल वाढवणारी ४५५८ ऑप-ॲम्प चिप, मूठभर डायोड-कपॅसिटर, नऊ व्होल्ट आणि ड्राइव्ह, टोन, लेव्हल असे तीन नॉब. आधीची तीन-चार पेडलं त्याने मित्रांसाठी केली होती, त्यात पॉट, म्हणजे नॉबखालचे फिरवायचे रेझिस्टर, वायरने जोडलेले होते. या वेळी सांगली, कोल्हापूर आणि पुण्यातल्या ओळखींतून बारा नगांची ऑर्डर आली. वेळ वाचावा म्हणून त्याने पॉट थेट बोर्डावरच सोल्डर होतील असा बोर्ड करून घेतला. दुखण्याचं मूळ तिथे होतं, पण त्याला तोवर त्याचा पत्ता नव्हता.

मी कुपवाड एमआयडीसीत टूलरूमला आहे. गिटारमधलं मला ओ की ठो कळत नाही. पण भोक जागेवर का पडलं नाही, हा माझ्या रोजच्या भाकरीचा प्रश्न आहे.

डबा १२५बी नावाने मिळतो, साधारण १२२ बाय ६६ बाय ३९ मिमी. डायकास्ट, म्हणजे साच्यात ओतलेला, भिंत दोन मिमीच्या आसपास. त्याच्या तोंडावर पाच भोकं हवी होती. वर ड्राइव्ह आणि लेव्हल, दोघांत ३२ मिमी अंतर. त्यांच्या मधोमध, १६ मिमी खाली, टोन. त्याखाली एलईडी आणि सगळ्यात खाली पायाचं बटण. शिवाय मागच्या आखूड भिंतीवर केबल खुपसायचे दोन जॅक आणि अडॅप्टरचं सॉकेट.

पॉटचा बुश, म्हणजे भोकातून बाहेर येणारी आट्यांची मान, ७ मिमीचा, त्याला भोक ७.५ चं. म्हणजे बुशभोवती एकूण अर्ध्या मिलिमीटरची मोकळीक, एका अंगाला पाव. दोन पॉट एकाच बोर्डावर पक्के बसलेले असले की त्यांच्या भोकांमधल्या अंतरात फार तर अर्धा मिमी चूक खपते. आधीच्या पेडलांत दोन-दोन मिमीची चूक असणार, पण तिथे वायर वाकून घेत होती. भाच्याचा हात तेव्हा जेवढा चांगला होता तेवढाच आताही होता. अवजारंही तीच. फक्त मागणी बदलली होती.

मी व्हर्निअर काढला. दोन भोकांच्या केंद्रांमधलं अंतर मोजायची आमची रीत साधी आहे : आतल्या कडांमधलं अंतर घ्यायचं, बाहेरच्या कडांमधलं घ्यायचं, बेरीज करून निम्मी करायची. भोकं लहानमोठी पडली असली तरी उत्तर बरोबर येतं. पाच डब्यांची ड्राइव्ह ते लेव्हल अंतरं अशी आली : ३१.१, ३१.६, ३०.७, ३१.३, ३०.९. हवं होतं ३२.

"हात हालला असणार," भाचा म्हणाला.

मी त्याला आकडे पुन्हा वाचायला लावले. नुसता हात हालला असता तर दोन-तीन डबे ३२ च्या वर गेले असते. इथे पाचही खाली आहेत. पाचांची सरासरी ३१.१२, म्हणजे सगळा घाणा सरसकट ०.८८ ने आत ओढला गेलाय. त्याशिवाय ३०.७ पासून ३१.६ पर्यंत ०.९ चा पसारा आहे. सरसकट ओढ आणि पसारा हे दोन वेगळे आजार आहेत. दोन्हींचं औषध एकच समजलं की माणूस सहावा डबा जास्त जपून भोकं पाडून बिघडवतो. हाताला शिव्या घालत बसायची खोड आमच्या फिटरांनाही असते, म्हणून हे जरा लांबण लावून सांगतोय.

३१.६ चा डबा खरं तर बसायला हवा होता, चूक ०.४ च आहे. तो का अडला ते बोर्ड धरून पाहिलं तेव्हा कळलं : त्याचं टोनचं भोक मिलिमीटरभर खाली उतरलं होतं. दोन बुश आत गेले, तिसरा कडेला टेकून बसला.

आता ओढीचं कारण. एका डब्यावर टेम्प्लेटचा, म्हणजे भोकांच्या जागा छापलेला, कागद अजून चिकटलेला होता. "हा डब्यावर नीट बसला होता का रे?"

"जरा आखूड होता. मला वाटलं कोपरे गोल आहेत म्हणून. मग दोन्हीकडं सारखी जागा सोडून चिकटवला."

डब्याचं वरचं तोंड १२० मिमी लांब भरतं, चित्रातही १२०. कागदावर ते ११६.४ भरलं. बरोबर ९७ टक्के. प्रिंट झेरॉक्सच्या दुकानातून आणली होती आणि तिथल्या मशिनवर 'फिट टू पेज' लावलेलं होतं, कारण दिवसभर येणाऱ्या अर्जांना आणि आधार कार्डांना तेच बरं पडतं. ३२ चे ९७ टक्के म्हणजे ३१.०४. आपली सरासरी ३१.१२. कागदाने गुन्हा कबूल केल्यासारखंच झालं.

मला रुखरुख वाटली ती वेगळीच. कागद साडेतीन मिमी आखूड आहे हे पोराला दिसलं होतं. त्याने त्याला कारण शोधून दिलं आणि पुढे गेला. आमच्याकडे नव्या पोराला पहिले सहा महिने हेच शिकवायचं असतं : जॉब आणि ड्रॉइंग जुळत नसेल तर हात खाली ठेव.

यावर उपाय फुकट आहे. चित्रातच १०० मिमीची एक आडवी आणि एक उभी रेघ काढून ठेवायची, 'ॲक्च्युअल साइझ'वर प्रिंट घ्यायची आणि दुकानाच्या पायरीवरच पट्टी लावायची. दोन्ही रेघा मोजायच्या, कारण काही प्रिंटर एका दिशेला किंचित ताणतात. आणि चिकटवताना ओला डिंक लावायचा नाही. भाच्याने तोही लावला होता. ओला कागद फुगतो आणि वाळताना वाटेल तसा आवळतो. सेलोटेप किंवा कोरडी ग्लू स्टिक पुरते.

पसाऱ्याचं कारण शोधायला मी त्याला एक भोक माझ्यासमोर पाडायला सांगितलं. भंगारातला ॲल्युमिनियमचा तुकडा दिला. त्याने खिळा घेतला, अधिक चिन्हावर ठेवला, हातोडी मारली. हँड ड्रिलला थेट ७ चा बिट लावला, तुकडा गुडघ्याखाली दाबला आणि ट्रिगर ओढला. बिट आधी थोडा नाचला, मग एका जागी रुतला. ती जागा खिळ्याच्या खुणेपासून चांगली अर्धा मिमी लांब होती. शेवटी पलीकडे निघताना बिटने तुकड्याला झटका दिला आणि भोक गोलाऐवजी तीन कोपऱ्यांचं झालं.

यात काय काय झालं ते बिट हातात धरून दाखवावं लागतं. साध्या ट्विस्ट ड्रिलच्या टोकाला सुईसारखं टोक नसतं. दोन धारांच्या मध्ये एक आडवी बोथट पट्टी असते, ७ मिमीच्या बिटला ती सहज मिलिमीटरभर. ही पट्टी कापत नाही, धातूवर घासते आणि सरकते. खिळ्याची खूण तिच्यापेक्षा बारीक, मग पट्टी खुणेत बसणार कशी? ती खुणेच्या काठावर चढून पलीकडे उतरते. म्हणून आधी बारीक पंच, मग त्याच खुणेत ९० अंशाचा सेंटर पंच आणि मग ३ मिमीचा पायलट, म्हणजे मोठ्या बिटला वाट दाखवणारं बारीक भोक पाडायचा बिट. त्याची पट्टी पंचाच्या खुणेत मावते.

दुसरं, छापलेल्या रेघेवर पंच ठेवताना सगळा भरवसा डोळ्यावर असतो. स्क्रायबरने, म्हणजे धातूवर रेघ ओढायच्या पोलादी सुईने, ओढलेल्या दोन ओरखड्यांच्या चौकात पंचाचं टोक हलकं ओढत आणलं की ते खट्कन अडतं. बोटाला कळतं. भाच्याला दोन-तीनदा करायला लावलं तेव्हा तो म्हणाला, "हे तर फ्रेटवर बोट गेल्यासारखं लागतंय." फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, हे मला त्या दिवशी कळलं.

तीन कोपऱ्यांच्या भोकाचं कारण पातळ भिंत. ट्विस्ट ड्रिलची बाजू भोकात शिरून बिटला सरळ धरण्याआधीच दोन मिमीची भिंत संपते. मग बिट डगमगतो आणि भोक वेडंवाकडं मोठं होतं. इथे स्टेप ड्रिल, म्हणजे पायऱ्यांचा शंकू, कामाला येतो. प्रत्येक पायरी आधीच्या गोल भोकात बसून पुढचं कापते, म्हणून भोक गोल राहतं. मात्र ४ ते १२ चा एक-एक मिमीच्या पायऱ्यांचा शंकू घेतला तर त्यात ७.५ नसतं. आम्ही ७ पर्यंत शंकूने जाऊन, खाली लाकूड देऊन, ७.५ चा बिट हळू घातला.

मापांचा आणखी एक घोळ निघाला, तो ऐकून मी हसलो. पायाच्या बटणाला १२ मिमीचं भोक लागतं. भाच्याने हार्डवेअरच्या दुकानात "बाराचा बिट" मागितला, काउंटरवरच्या माणसाने "चार सूत घेऊन जा, तेच ते" म्हणून दिला. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. चार सूत म्हणजे अर्धा इंच, १२.७ मिमी. पाचही डब्यांत बटण डुगडुगत होतं, आणि पायाने दाबायच्या गोष्टीत ते चालत नाही. उलट जॅकचा बुश मुळातच तीन सुताचा, म्हणजे ९.५ मिमी. त्याला तीन सुताचा बिट मारला तर मोकळीक शून्य. जॅक पिळून पिळून आत घालावा लागतो. त्याला १० हवं. एकाच डब्यात काही माल मेट्रिक आणि काही इंची, हे पेडलवाल्यांच्या नशिबीच आहे. म्हणून आधी वस्तू विकत आणायची, तिचा बुश मोजायचा आणि मग बिट ठरवायचा.

आखूड भिंतीवरच्या भोकांनी दोन डबे पुरते घालवले होते. जॅक झाकणाच्या बाजूला इतका सरकला होता की आतून झाकणाच्या ओठाला लागत होता, झाकण बसतच नव्हतं. टेम्प्लेटचा कागद तोंडावरून भिंतीवर दुमडला होता. पण ओतीव डब्याची कड गोल असते आणि भिंत सरळ खाली उतरत नाही. साच्यातून डबा सुटावा म्हणून तिला उतार दिलेला असतो. दुमड नेमकी कुठे पडायची, हे कागदाला कळायला मार्ग नाही.

त्या डब्यात भरवशाची जागा एकच, उघड्या तोंडाची सपाट कड, जिच्यावर झाकण बसतं. डबा त्या कडेवर सरफेस प्लेटवर, म्हणजे अगदी सपाट केलेल्या जाड पाटावर, पालथा ठेवायचा आणि उंची तिथून घ्यायची. घरी जाड काचेचा तुकडा पुरतो. हव्या त्या उंचीच्या लाकडी ठोकळ्यावर स्क्रायबर धरायचा, ठोकळा काचेवर सरकवायचा, रेघ आपोआप समांतर येते. मध्य काढायला व्हर्निअर अंदाजे निम्म्यावर लावून दोन्ही बाजूंनी एकेक ओरखडा घ्यायचा. खरा मध्य त्या दोघांच्या बरोबर मधे. भागाकार करायची गरज नाही आणि डबा मिमीचे दोन दशांश कमी-जास्त असला तरी बिघडत नाही.

उताराची दुसरी खोड ड्रिल मशिनवर दिसते. डबा आखूड भिंतीवर उभा केला की खालची भिंत टेबलावर चपटी बसते आणि वरची तिच्याशी समांतर नसते. दोन्ही भिंतींचा उतार मिळून येतो. या डब्याची लांबी उघड्या तोंडाशी १२२ आणि बंद तोंडाशी १२०. म्हणजे बंद बाजूकडे खाली दोन मिमीचं पॅकिंग सरकवलं की वरची भिंत सपाट होते. जेवढा लांबीतला फरक, तेवढं पॅकिंग. हे न करता मारलेल्या भोकात जॅक तिरका बसतो, केबल एका अंगाला लोंबते.

आता उरलेल्या सात डब्यांचं काय करायचं यावर आमचं जुंपलं. भाच्याचा मित्र म्हणत होता, पॉट काढा, पुन्हा वायरने जोडा. एकच पेडल असतं तर मीही तेच म्हटलं असतं. एका नगासाठी जिग, म्हणजे प्रत्येक डब्यावर भोकं त्याच जागी पाडणारा धातूचा साचा, करणं म्हणजे चहाला कढई ठेवण्यासारखं. पण बारा नग, प्रत्येकी तीन पॉट, प्रत्येक पॉटला तीन वायरी, म्हणजे १०८ वायरी आणि २१६ सोल्डर. त्या हिशोबावर मित्र गप्प झाला.

जिग भंगारातल्या ८ मिमीच्या एमएस, म्हणजे साध्या पोलादाच्या, प्लेटचा केला. सुट्टीच्या दिवशी मालकांना विचारून डीआरओ, म्हणजे माप आकड्यांत दाखवणारा पडदा, असलेल्या मिलिंग मशिनवर त्यात ३ मिमीची पाच भोकं घेतली. मोजून दाखवलं तेव्हा ३२.०० च्या दोन शतांशांत होतं. प्लेटच्या दोन कडांना अँगलचे तुकडे बसवले, डबा त्या कोपऱ्यात दाबायचा आणि सी-क्लॅम्प आवळायचा. पाचही पायलट एकाच बांधणीत. इथे एक गोष्ट भाच्याला आधी पटत नव्हती : डबे एकमेकांपेक्षा दोन-तीन दशांशाने कमी-जास्त असतात, मग भोकं चुकणार नाहीत का? चुकतील, पण सगळी मिळून एका बाजूला. तेवढं सरकलेलं डोळ्याला दिसत नाही आणि बोर्डाला तर कळतच नाही. बोर्डाला भोकांचं आपसातलं अंतर हवं असतं, डब्याची कड कुठे आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. त्याची जुनी पद्धत नेमकी उलटी होती, प्रत्येक भोक कडेपासून वेगळं मोजलेलं.

जिगच्या भोकांत कडक बुश, म्हणजे बिट झिजवणार नाही अशा पोलादी नळ्या, घातले नाहीत. साध्या प्लेटमधली भोकं बिट हळूहळू खातो, पण बारा डब्यांना ती पुरतात. शंभर करायचे असते तर घातले असते.

भिंतीला आतून आधार म्हणून डब्याच्या आत बसेल असा लाकडी ठोकळा हवा होता. भाचा तो मिरजेहून सतारमेकर गल्लीतून घेऊन आला, तंबोऱ्याच्या कामातला उरलेला तून लाकडाचा तुकडा. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिथे कारागीर जवारी काढताना, म्हणजे तारेचा झंकार जुळवताना, तारेखालची घोडी घासतो, तार छेडून ऐकतो, पुन्हा घासतो, आणि त्याचा कान हाच व्हर्निअर. त्याच लाकडावर आम्ही दशांश मोजत बसलो होतो.

प्रत्यक्ष काम एका दुपारी उरकलं. पायलटला मिनिटाला फेरे अडीच हजारांच्या आसपास, शंकूला पट्टा खाली उतरवून सहाशे-सातशे. प्रत्येक भोकाला दोन थेंब रॉकेल, नाहीतर ॲल्युमिनियम बिटच्या धारेला चिकटतं आणि पुढचं भोक फाडत जातं. बर, म्हणजे भोकाच्या काठावर उरलेली धातूची धार, काढायला मोठा बिट हाताने दोन फेरे. सात डब्यांची ड्राइव्ह-लेव्हल अंतरं ३१.९५ ते ३२.०५ मध्ये आली.

चौथ्या डब्याला मात्र सगळ्यांचा जीव वर आला. क्लॅम्प सोडल्यावर भाचा ओरडला, "मामा, डबा उलटा लावलेला!" पायाच्या बटणाचा पायलट त्याने पेन्सिलने 'वर' लिहिलेल्या बाजूला पडला होता. मी डबा हातात घेतला, फिरवला, पुन्हा फिरवला. जॅकची भोकं अजून पाडलीच नव्हती आणि झाकणाचे चार स्क्रू चारी कोपऱ्यांत सारखे. तोवर त्या डब्याला वर-खाली असं काही नव्हतंच. पेन्सिल पुसली, 'वर' दुसरीकडे लिहिलं आणि पाचवा घेतला.

पावडर कोटिंगला देण्याआधी डबे साबणाच्या गरम पाण्याने धुतले, रॉकेलचा ओशटपणा राहिला तर रंगाला डोळे पडतात. तरी एक गोष्ट माझ्याकडूनच सुटली. कोटिंगचा थर ६० ते १०० मायक्रॉन, भोकाच्या आतल्या अंगालाही बसतो, म्हणजे व्यास सव्वा ते दोन दशांशाने कमी होतो. डबे परत आले तेव्हा पायाचं बटण १२ च्या भोकात शिरेना. शंकू हातात धरून फिरवत रंग खरवडला, जिथे खरवडलं ते वॉशरखाली झाकलं गेलं. पॉटना अर्ध्या मिमीची मोकळीक होती म्हणून ते वाचले.

पहिलं पेडल लावल्यावर घूं असा आवाज आला. जॅकच्या नटाखाली आतून रंग होता, डब्याला अर्थिंग मिळत नव्हतं. आतल्या बाजूने जॅकभोवती धातू उघडा केल्यावर आवाज गेला.

जुन्या पाचांपैकी तीन डब्यांची भोकं गोल कानसीने बाहेरच्या अंगाला दोन-चार दशांश वाढवली आणि बोर्ड बसले. वॉशर आणि नॉबखाली ते दिसत नाही. बटणाच्या १२.७ ला आतून-बाहेरून मोठे वॉशर दिले. जॅक सरकलेले दोन डबे बादच, एक डबा साडेतीनशेला पडला होता. भाच्याने दोन नवे मागवले आणि बारा पूर्ण केले. बाद डब्यांपैकी एकात तो आता वायरी लावून नवीन सर्किट तपासतो, दुसऱ्यात मी ३ मिमीचे बिट ठेवतो.